साठ दिवसांची मुदत आणि त्रुटीपत्र

नगररचनाकाराची (बांधकामाचे नकाशे तपासणाऱ्या अधिकाऱ्याची) रिक्त पदे भरल्याशिवाय बांधकाम परवानग्या रखडतच राहणार आणि निर्णय देण्यासाठी कायद्यात मुदतही नाही, असे म्हटले जाते. यातले पहिले मत पटते. मात्र कायद्यात मुदतच नाही, हे बरोबर नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 45(5) नुसार 60 दिवसांत निर्णय न कळवल्यास, नकाशा नियमांत बसत असेल तर, परवानगी मिळाल्याचे मानले जाते. मेख अशी, की कार्यालयाने त्रुटीपत्र (अर्जातील उणिवा कळवणारे पत्र) काढल्यास ही मुदत अर्जदाराचे उत्तर मिळाल्यापासून नव्याने मोजली जाते.

मराठवाड्यातील आमच्या नगरपरिषदेत अतिरिक्त कार्यभार असलेले अभियंता केवळ मंगळवारी येत, आणि माझ्या फाईलवर त्रुटीपत्र निघाले ते चोपन्नाव्या दिवशी; त्रुटी होती सातबारा तीन महिन्यांपेक्षा जुना असल्याची. दाखल केला तेव्हा तो चार दिवसांचा होता, म्हणजे त्रुटीपत्र निघाले त्या दिवशीही तीन महिन्यांच्या आतलाच.