हेमिप्लेजिक मायग्रेन (अर्धं अंग काही वेळ लुळं पाडणारी अर्धशिशी): बहिणीसाठी डॉक्टर सुचवा, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही सांगलीचे. धाकट्या बहिणीसाठी लिहितेय, वय २३.

तिला मधूनमधून अटॅक येतो. आधी डोळ्यांपुढे नागमोडी चमक दिसते, मग उजव्या हाताच्या बोटांत मुंग्या येतात आणि त्या हळूहळू कोपर, खांदा, गाल, जीभ असं करत वर चढतात, बोलायला जाते तर शब्दच फुटत नाही आणि मग हात लुळा पडतो, पायही ओढत चालते. त्यानंतर डोकं ठणकायला लागतं, उलट्या होतात, उजेड सहन होत नाही. ताकद एरवी काही तासांत परत येते पण मागच्या वेळी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत हात उचलत नव्हता, आई नुसती रडत होती.

पहिल्यांदा स्ट्रोक समजून ॲडमिट केलं ते बरोबरच होतं. एमआरआय, ईईजी, मानेच्या नसांचं डॉपलर, टूडी इको सगळं नॉर्मल. मग नॉर्मल आहे म्हणजे टेन्शन घेतेय, लग्न करून द्या, असं सांगून घरी पाठवलं! पोरीचा हात हलत नाही आणि तुम्ही लग्नाचं बोलता, फार चीड आली.

आता एका दुसऱ्या डॉक्टरांनी नीट बसून घरातली हिस्ट्री विचारली. मामाच्या अंगावरून विशीतच वारं गेलं होतं आणि दोन दिवसांत तो चालायला लागला, आईलाही अर्धशिशी आहे. ते म्हणाले फॅमिलियल (घराण्यात चालत आलेलं) हेमिप्लेजिक मायग्रेन असू शकतं, हेमिप्लेजिक मायग्रेन एकूण दहा हजारांत साधारण एकाला असतं, आणि यासाठी अशी एकच टेस्ट नाही, बाकीचं सगळं नाही हे बघूनच निदान करावं लागतं. सीएसीएनए१ए, एटीपी१ए२, एससीएन१ए या जीन्सची तपासणी होते पण ती निगेटिव्ह आली तरी आजार नाही असं म्हणता येत नाही. कोणी केलीय का? खर्च किती आला, आणि त्याने औषधात काही फरक पडला का?

आधी कोणीतरी सुमाट्रिप्टान (मायग्रेनचं ट्रिप्टान गटातलं औषध) लिहून दिलं होतं, ते या डॉक्टरांनी बंद केलं, या प्रकारात ट्रिप्टान आणि अर्गोटामिन ही मायग्रेनची औषधं शक्यतो देत नाहीत म्हणाले. पीसीओडीसाठी इस्ट्रोजेनच्या गोळ्या चालू होत्या त्याही थांबवल्या, ऑरा (डोकं दुखण्याआधीची चमक, मुंग्या वगैरे) असताना स्ट्रोकचा धोका वाढतो म्हणून. सध्या अटॅक येऊ नयेत म्हणून रात्री फ्लुनारिझिन आहे, पण दिवसभर झोप येते आणि ती बँकेच्या परीक्षांचा अभ्यास करतेय. व्हेरापामिल, लॅमोट्रिजिन किंवा ॲसिटाझोलामाइड घेऊन कोणाला फरक पडला असेल तर प्लीज सांगा, म्हणजे डॉक्टरांना विचारता येईल, मनाने काही देणार नाही.

मुख्य म्हणजे पुण्या-मुंबईत डोकेदुखीचंच काम करणारे न्यूरोलॉजिस्ट कोण आहेत? केईएमच्या न्यूरोलॉजी ओपीडीचा किंवा बंगळुरूच्या निम्हान्सचा अनुभव असेल तर तोही लिहा, रेफरन्स लागतो का, किती दिवस राहावं लागतं.

आणि अजून एक, तिला अटॅक आला की प्रत्येक वेळी इमर्जन्सीत न्यायचं का? डॉक्टर म्हणतात नेहमीपेक्षा वेगळं वाटलं, एकदम झटक्यात ताकद गेली किंवा शुद्ध हरपली तर ताबडतोब न्या, स्ट्रोक असेल तर त्याचं औषध द्यायला लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासच असतात. पण रात्री एकटं असताना हे ठरवायचं कसं? तुमच्याकडे इमर्जन्सीत दाखवायला डॉक्टरांचं पत्र वगैरे असेल तर त्यात काय लिहिलंय ते सांगा. व्यनि (खाजगी मेसेज) केलात तरी चालेल, नाव झाकून रिपोर्ट पाठवते.