काकडीच्या वाट्या आणि चाट मसाला
पाहुण्यांसाठी काकडीच्या चकत्यांवर चाट मसाला भुरभुरून द्यायचं बरेचदा सुचवतात. पाहुण्यांत कुणाला सीलिएक (गव्हातलं ग्लूटेन न चालणारा आजार) असेल तर आधी पाकीट नीट वाचा. चाट मसाल्यात बहुतेक वेळा हिंग असतो आणि आपल्याकडच्या बांधणीच्या (पीठ मिसळून केलेल्या) हिंगात बरेचदा गव्हाचं पीठ असतं. त्यापेक्षा घरची जिरेपूड आणि काळं मीठ घ्या.

मला चकत्यांपेक्षा वाट्या आवडतात. काकडीचे इंचभर जाड तुकडे करून मधला गर चमच्याने कोरायचा, तळ शाबूत ठेवायचा. आत चक्का, पुदिना, बारीक हिरवी मिरची. वर डाळिंबाचे दाणे. मीठ चक्क्यातच घाला, काकडीला लावलं की पाणी सुटतं. भरायच्या अगदी ऐनवेळी. सुरी आणि विळी ब्रेडला लागलेली नको, हे फार महत्त्वाचं. काकडी कडू निघाली तर छोट्या ढोबळ्या मिरच्या उभ्या चिरून भरा.