मदत हवी आहे: महिन्याचा किराणा १२ हजारात कसा बसवायचा?

आम्ही पाच जण, भांडुपला राहतो, सासूबाईंना शुगर आहे आणि दोन मुलं शाळेत, त्यामुळे डबे रोजचे. किराणा, भाजी, दूध धरून १६ हजारांच्या वर जातंय आणि मला ते १२ वर आणायचंय, पण मुलांचं दूध-अंडी आणि आईंची ज्वारी-नाचणी यांना हात लावायचा नाहीये.

तेलाचं नीट बघायला लागले तर एका पाकिटावर ९१० ग्रॅम, शेजारच्यावर ८५० आणि भावात फरक जेमतेम, म्हणजे स्वस्त वाटतं ते महागच की! आता वजन बघूनच घेते.

भाजी दादरला पहाटे होलसेलमध्ये स्वस्त मिळते पण लोकलच्या गर्दीत पिशव्या आणायच्या कशा? बिल्डिंगमधल्या तिघी-चौघींनी मिळून वाशीच्या एपीएमसीतून किंवा मस्जिद बंदरहून तांदूळ, डाळी आणल्या तर टेम्पोचं भाडं धरून परवडतं का, कोणी केलंय का असं? आणि पावसाळ्यात एवढं धान्य टिकवायचं कसं, मुंबईच्या दमट हवेत रव्याला लगेच अळ्या होतात, कडुलिंबाचा पाला पुरतो की बोरिक पावडर लावलेली डाळ घ्यावी? लहान मुलं आहेत म्हणून भीती वाटते.

तुमच्याकडे पाच माणसांना महिन्याला तेल आणि तूरडाळ किती लागते तेही प्लीज सांगा.