छंदाच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आधी पिंग की आधी खिडकी?

माहुली_संगम (सातारा):
विश्रामबागकर यांनी काल लिहिले की, छंद म्हणून घडवलेल्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये पिंग (समोरचे यंत्र उत्तर देते का, हे पाहणारी), आयएफकॉन्फिग (नेटवर्क कार्डाला पत्ता देणारी), एआरपी (आयपी पत्त्यामागच्या कार्डाचा पत्ता सांगणारी) अशा आज्ञा टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा लिहिण्याच्या पडद्यावर, टाइप करायला लावणे ही अर्धवट कामाची कबुली आहे आणि सेटिंगची खिडकी तयार होईपर्यंत ‘नेटवर्क चालते’ असे कोणी जाहीर करू नये. हे मत मला मुळीच मान्य नाही. माइक म्यूस यांनी डिसेंबर 1983 मध्ये पिंग लिहिला, तोच मुळी नेटवर्क विचित्र का वागते याचा छडा लावण्यासाठी. शून्यातून नेटवर्क उभारणाऱ्याला पिंगचे पहिले उत्तर मिळते, तेव्हा कार्डाचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) पॅकेट, म्हणजे माहितीचे तुकडे, पाठवतो आणि स्वीकारतो, एआरपीने समोरच्या यंत्राचा पत्ता शोधला आहे आणि चेकसमही (पॅकेट बिघडले नाही ना, हे पडताळणारी बेरीज) बरोबर आहे, हे सारे एकदम सिद्ध होते. चेकसम चुकला तर समोरचे यंत्र पॅकेट निमूटपणे टाकून देते. खिडकीत मात्र ‘जोडलेले आहे’ एवढेच दिसते.

विश्रामबागकर (सांगली):
ही सारी मांडणी लिहिणाऱ्याच्या सोयीची आहे. वापरणाऱ्याचा विचार तीत कुठेही नाही. आमच्या भागातील एका वाचनालयाच्या जुन्या यंत्रावर मी हायकू ही ऑपरेटिंग सिस्टिम बसवून दिली. तिथल्या ग्रंथपाल बाई खिडकी उघडून स्वतः आयपी पत्ता बदलतात. त्याच बाईंना टर्मिनलमध्ये ‘/dev’ पासून सुरू होणारे कार्डाचे लांबलचक नाव टाइप करायला सांगितले असते, तर त्यांनी यंत्र बंद करून रजिस्टर उघडले असते. हायकूला जे जमले, ते इतरांना का जमू नये?

माहुली_संगम:
हायकूचे काम 2001 पासून चालू आहे आणि त्यामागे अनेकांचे हात आहेत. सुट्टीच्या दिवशी एकट्याने काम करणाऱ्याला तोच मापदंड लावणे अन्यायाचे आहे. शिवाय हायकूमध्येही आयएफकॉन्फिग आहेच.

मिरज_जंक्शन:
पिंगवर एवढा भरवसा ठेवणाऱ्यांना विचारतो, क्यूएमूमध्ये, म्हणजे संगणकाच्या आत दुसरा संगणक भासवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, काय होते? त्याच्या नेहमीच्या यूजर-मोड नेटवर्कमध्ये यंत्राला 10.0.2.15 हा पत्ता मिळतो, 10.0.2.2 या क्यूएमूच्याच आतल्या राउटरला पिंग जातो, पण बाहेरच्या पत्त्यावरून बहुधा उत्तर येत नाही. तरीही टीसीपीने (पोच घेत माहिती पाठवण्याच्या पद्धतीने) वेबपान व्यवस्थित उतरते. मी ज्या वसतिगृहात राहिलो, तिथेही आयसीएमपी (पिंग ज्यावर चालतो ती पद्धत) अडवलेले होते आणि नवी मुले ‘नेट बंद आहे’ म्हणून रात्र रात्र ड्रायव्हर तपासत बसत. अभ्यासक्रमात हे कोणी शिकवत नाही. प्रात्यक्षिकाच्या नावाखाली पडद्यावर रंगीत तारा जोडून घेतात आणि खरे पॅकेट विद्यार्थ्याला पदवीपर्यंत दिसत नाही.

माहुली_संगम:
अहो, हा पिंगचा दोष कसा? 10.0.2.2 ने उत्तर दिले, म्हणजे आपल्या बाजूचे काम झाले. पुढे संकेतस्थळाच्या नावाचा पत्ता शोधून यूडीपी (पोच न घेता माहिती पाठवण्याची पद्धत) तपासावे, पान उतरवून टीसीपी तपासावे. क्यूएमू ज्यावर चालतो त्या लिनक्सच्या यजमान यंत्राने साध्या वापरकर्त्याला पिंगची परवानगी दिली असेल, तर बाहेरचा पिंगही चालतो.

विश्रामबागकर:
म्हणजे आता यजमान यंत्राची परवानगीही वापरणाऱ्यानेच तपासायची? माझ्या मुद्द्याला यापेक्षा चांगला पुरावा मी देऊ शकलो नसतो.

माहुली_संगम:
क्यूएमू वापरणारा माणूस आणि तुमच्या ग्रंथपाल बाई यांची सरमिसळ तुम्ही करत आहात, मी नव्हे. कृपया वाचून उत्तर द्या.

कोयनाकाठ (कराड):
क्यूएमूवरच भांडायचे असेल, तर खऱ्या कार्डाचे ऐका. मी विद्यार्थ्यांकडून आरटीएल 8139 या जुन्या कार्डासाठी ड्रायव्हर लिहून घेत होते. दोन यंत्रे थेट केबलने जोडली होती, पिंगची उत्तरे झरझर येत आणि 75 च्या आसपास कायमची थांबत. हे कार्ड आलेली पॅकेट 8 किलोबाइटच्या, म्हणजे 8192 बाइटच्या, वर्तुळाकार बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) ठेवते. नेहमीच्या आकाराच्या पिंगचे उत्तर, कार्डाने जोडलेल्या चार बाइटच्या नोंदीसह, तिथे 108 बाइट अडवते. 8192 ला 108 ने भागले की उत्तर 75 च्या पुढे येते. म्हणजे बफर भरून पुन्हा सुरुवातीकडे वळताना वाचण्याची जागा चुकत होती. मोठ्या आकाराचे पिंग पाठवल्यावर ते आणखी लवकर थांबले आणि शंका फिटली. उत्तरांचे अनुक्रमांक समोर नसते, तर हा दोष आम्हाला कुठे सापडला असता?

मिरज_जंक्शन:
ताई, हे पटले. अशी प्रात्यक्षिके आम्हाला मिळाली असती, तर मी एवढा चिडलो नसतो.

विश्रामबागकर:
कोयनाकाठताईंचा दाखला ड्रायव्हर लिहिणाऱ्यासाठी योग्य आहे आणि खिडकीने तो दोष दाखवला नसता, एवढे मला मान्य करावे लागते. परंतु वापरणाऱ्याने टर्मिनल उघडावे, हे त्यातून सिद्ध होत नाही. राउटरचे उत्तर येते का, नाव सापडते का आणि टीसीपी जोडणी होते का, हे तिन्ही निकाल खिडकीत वेगवेगळे दाखवा. आतून त्याच आज्ञा चालवा, माझी हरकत नाही.

माहुली_संगम:
आतून चालवायच्या तर त्या आधी लिहाव्या लागतील आणि मी पहिल्या ओळीपासून तेच म्हणत आहे. तीन वेगळ्या निकालांची सूचना चांगली आहे. ती मी घेतो. पण खिडकी होईपर्यंत नेटवर्क जाहीर करू नये, ही अट मागे घ्या.

विश्रामबागकर:
अट मागे घेत नाही. ‘फक्त टर्मिनलवरून’ असे ठळकपणे लिहिणार असाल, तर जाहीर करा.