मदत हवी आहे : होडी बांधणाऱ्याचा नकार नेमका कशामुळे?

माझी साडेपाच मीटरची, सेंटरबोर्ड (तळातल्या पेटीतून पाण्यात खाली सोडायची फळी) असलेली शिडाची होडी युरोपीय नियमांनुसार 'सी' वर्गातली, म्हणजे वाऱ्याचा जोर मोजणाऱ्या ब्यूफर्ट श्रेणीत 6 पर्यंतचा वारा आणि 2 मीटरपर्यंतच्या लाटा यांसाठी आखलेली आहे. तिने दोन रात्रींचा खुला समुद्र ओलांडू नये, असे बांधणाऱ्याने लेखी कळवले आहे. केवळ जबाबदारी झटकण्यासाठी, असे मला वाटत नाही. नाळेत (पुढच्या टोकात) व वरामात (मागच्या टोकात) फोम भरून, शिडाला तिसरा रीफ (जोराच्या वाऱ्यात शीड आणखी लहान करण्याची सोय) लावून मी शांत पाण्यात होडी मुद्दाम उलटवली, तेव्हा ती तरंगली, पण आपणहून सरळ झाली नाही आणि पाणी उपसण्यात वीस मिनिटे गेली. तराफा व रेडिओ आहेत. मोठी होडी घेणे शक्य नाही. मग खरा अडसर ही उलटल्यानंतरची असहायता आहे, की सततच्या हिसक्यांनी डोलकाठीच्या पायथ्यावर व सेंटरबोर्डच्या पेटीवर येणारा ताण, आणि यांपैकी काय सुधारता येते?