प्रतिसाद: नायलॉक नट नेमका कुठे अडकतो ते आधी बघा

महापेच्या शेडमधले एम १० चे (१० मिमी बोल्टचे) एसएस, म्हणजे स्टेनलेस स्टीलचे, नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेले, सैल न होणारे) आवळायच्या गनने बसवताना मध्येच जाम होतात, बोल्ट पिळून तुटतो, म्हणून सगळा दोष नायलॉनच्या रिंगवर आलाय. मला ते पटत नाही.

बोल्ट रिंगेला टेकण्याआधीच, पहिल्या दोन-तीन आट्यांत नट घट्ट लागला तर पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, चुकलाय (१.५ मिमीच्या बोल्टवर १.२५ चा नट) किंवा आटे आडवे गेलेत. रिंगेत शिरल्यावर एकसारखा जड फिरणं ठीकच, त्याचं कामच ते. पण किरकिरत जड होत गेला, तापला आणि एकदम थांबला, तर ते गॉलिंग. ३०४ वर ३०४ (स्टेनलेसचा ग्रेड) घासलं की वरचा पातळ थर जातो आणि आटे एकमेकांना चिकटतात. मग नट उलटाही फिरत नाही, कापावाच लागतो. गन बाजूला ठेवा, आट्यांना अँटी-सीझ (आटे चिकटू नयेत म्हणून लावायची पेस्ट) लावा, पान्याने सावकाश फिरवा. अँटी-सीझ लावल्यावर कोरड्या आट्यांचा टॉर्क (आवळायचा जोर) देऊ नका, बोल्ट जास्त ताणला जातो.

नटातून नायलॉनची साल बाहेर येत असेल तर बोल्टच्या टोकाला बर (कापल्यावर राहिलेली धारदार कड) आहे. कापलेल्या थ्रेडेड रॉडला तर हमखास असते. कानस मारून टोक उतरतं करा.

रिंगेबाहेर एक-दोन पूर्ण आटे दिसायलाच हवेत. काढलेला नट रिंगेतूनही बोटांनी फिरला तर सरळ भंगारात. आणि १२० अंशांच्या वर तापणाऱ्या जागी नायलॉन नकोच, तिथे ऑल-मेटल लॉकनट.