चरकात हात सापडला तर प्लास्टिक सर्जन कशाला?

गुऱ्हाळकर_कागल: हंगामाआधी गुऱ्हाळावर फलक रंगवायचाय. चरकात हात सापडला, कोयत्यानं बोट तुटलं, काहिलीतला रस उडाला तर काय करायचं ते. प्लास्टिक सर्जनचा नंबर लिहा म्हणतात. ते नाक-डोळे सुधारणारे ना? की हाडाच्या डॉक्टरकडं न्यायचं?

टाका: सौंदर्य हा त्या शाखेचा एक कोपरा झाला, दादा. भाजणं, हाताच्या नसा आणि स्नायुबंध, दुभंगलेला ओठ, कर्करोगात काढलेल्या जबड्याची भरपाई, सगळं तिथंच येतं. हाड हाडाचा डॉक्टर जोडेल, पण ते उघडं पडलं असेल तर झाकणार कोण? उघड्या हाडावर नुसती कातडी लावली तर धरत नाही, तिला खालून रक्तच मिळत नाही. तिथं रक्तवाहिनीसकट कातडी-मांसाचा तुकडा आणावा लागतो, त्याला फ्लॅप म्हणतात. चरकाच्या जखमेला बहुतेक वेळा दोघंही लागतात. आणि फलकावर पहिली ओळ ही लिहा: इंजिन बंद करा, हात ओढू नका, चरकाच्या लाटा (रोलर) सैल करून काढा.

सूक्ष्मटाका: तुटलेलं बोट सलाईननं हलकं धुवा, घासू नका. सलाईनच्या ओल्या गॉजमध्ये गुंडाळून पिशवीत घाला, तोंड घट्ट बांधा आणि पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. थेट बर्फावर ठेवलं तर पेशी गोठून मरतात. इथंच सगळ्यात जास्त बोटं वाया जातात. कातडीनं लटकत असेल तर तोडू नका. बोटात स्नायू नाही, म्हणून थंड ठेवलेलं २४ तासांपर्यंतही जोडता येऊ शकतं. मनगटाच्या वर तुटलं तर न थंड केलेल्या स्नायूला साधारण ६ तासच. कोयत्याचा साफ घाव जोडायला बरा. चरकात रक्तवाहिनीचं आतलं अस्तर लांबवर फाटतं, जोडली तरी गुठळी होते. तरी तुकडा आणाच, त्यातली कातडीही उपयोगी पडते.

गुऱ्हाळकर_कागल: आणि रसाचं?

टाका: रस चिकटतो, म्हणून जास्त वेळ भाजत राहतो. वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरा, बर्फ नको. चिकटलेला गूळ ओरबाडू नका, पाण्यानं विरघळतो. अंगठी, कडं लगेच काढा, नंतर सूज येते. हळद, टूथपेस्ट काही लावू नका, जखम किती खोल ते कळत नाही. सांध्यावर खोल भाजलं तर भरताना कातडी आखडते, कोपर सरळ होत नाही. म्हणून थांबू नका, लगेच दाखवा.

सूक्ष्मटाका: नंबर लिहिण्याआधी कोल्हापूरचं सरकारी सीपीआर रुग्णालय असो की खासगी, फोन करून एकच विचारा: सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिनी जोडणारा सर्जन रात्री येतो का? पाटीवर प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीआरएनबी ही पदवी बघा.